पाटकरणीचे वेल

आमच्या लास तुस्कास गावात क्लोरिंदा बाल्मासेदाशी भांडून कोणी जिंकलेलं नाही. तिच्या नवऱ्यालाही कधी जमलं नाही, आणि तो तर तिच्यावर जीव टाकायचा. ती आमची पाटकरीण. नदीवरून मोठा कालवा येतो, त्याच्या शेवटच्या फाट्याची गेटं तिच्या ताब्यात. कोणाचं दार कधी उघडायचं, किती उघडायचं, सगळं तिच्या हातातल्या लोखंडी दांड्यावर. द्राक्षवाले, ऑलिव्हवाले, कांदेवाले, सगळे सकाळी आधी तिला रामराम घालायचे आणि मग देवाला.

हे काम आधी लिबोरियोचं, तिच्या नवऱ्याचं. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा पाणीवाटप मंडळातल्या बाप्यांनी ठरवलं की दांडा परत घ्यायचा, बाईमाणसाला हे झेपायचं नाही. क्लोरिंदानं निरोप धाडला की या घ्यायला, आणि गेटवर जाऊन बसली. मांडीवर दांडा, शेजारी मातेची, आमच्या कडू चहाची, किटली. कोणी गेलं नाही. कोण जाणार? त्याच हंगामात मोठ्या मळ्याच्या मुकादमानं तिला न विचारता दार वर केलं, तर तिनं त्याची टोपी काढून पाटात फेकली आणि म्हणाली, "जा, पाणी जिकडं चाललंय तिकडनं घेऊन ये." टोपी चार रानं पलीकडं कांद्यात निघाली. लोक अजून हसतात.

तिचा नियम एकच. आधी माणसाचं तोंड, मग जनावराचं, मग मुळाचं. आमचं गाव पाटाच्या अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे, पाटाचं पाणी त्यात पडतं, तिथून गाळून नळाला येतं. तळं भरल्याशिवाय क्लोरिंदा कोणाचंच दार वर करायची नाही, मग तो चर्चचा पाद्री असो नाहीतर तिचा सख्खा चुलता. चुलता तिच्याशी बोलत नाही ते त्याच्यामुळंच.

तिची स्वतःची पण द्राक्षं होती. थोडीच, पाटाला लागून, लिबोरियोनं लावलेली. पाट मातीचा होता तेव्हा काठावरच्या सगळ्यांच्या वेलींना पाझर मिळायचा. मग पाट सिमेंटचा झाला, पाझर बंद पडला, आणि काठावरचे मळे एकामागून एक वाळले. क्लोरिंदाचे वेल तेवढे हिरवे राहिले. लोक विचारायचे, बाई, काय घालता काय. ती सांगायची की लिबोरियोनं खड्डे खोल घेतले होते, मुळं पार खाली गेली आहेत. शिवाय रस्त्याच्या कडेला दिफुंताची घुमटी आहे, ती बाई तहानेनं वाळवंटात मेली आणि मेल्यावरही पोराला अंगावर पाजत राहिली असं म्हणतात, तिच्यापुढं पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या असतात. क्लोरिंदानं तिथली बाटली कधी रिकामी ठेवली नाही. मी तिला पाजते, ती माझ्या वेलींना पाजते, असं म्हणायची आणि तिचा त्यावर खरंच विश्वास होता.

मग डोंगरावर बर्फ पडायचं थांबलं. एक वर्ष, दुसरं वर्ष. नदीच आटली तर कालव्यात काय येणार? वरून हुकूम आला की शेतीच्या पाळ्या निम्म्या, आणि मधल्या काळात फक्त पिण्याची धार सोडायची. पिण्याची धार म्हणजे पाटाच्या बुडातून सरपटत येणारं पाणी. घोट्याएवढंसुद्धा नाही. वरच्या गेटवरून आब्दोन रिव्हेरोस ती सोडायचा आणि ती पाटानं तळ्यात यायची.

यायची म्हणजे यायला पाहिजे होती. येत नव्हती. वरच्या गेटवर धार चांगली हाताएवढी जाड दिसायची आणि तळ्यात पोचेपर्यंत नुसता चिखल. नळाला हवा यायची. शाळा बंद पडली, कारण पोरांना प्यायला नाही. आंधळी म्हातारी हेनोवेवा रोज दारात कान लावून बसायची, नळ खाकरला का म्हणून.

क्लोरिंदाचं डोकं फिरलं. तिच्या पाटातून, तिच्या नाकाखालून कोणीतरी गावाच्या तोंडचं पाणी चोरत होतं. तिनं आधी आब्दोनला विचारलं. आब्दोन म्हणजे तिचा कोम्पाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. तिच्या लेकीला, यानिनाला, बाप्तिस्म्याला त्यानं हातावर धरलं होतं, आणि आमच्याकडं पोरीचा धर्मबाप म्हणजे पोरीच्या आईबापाचा सख्ख्यापेक्षा सख्खा. लिबोरियो गेल्यापासून त्यानं या घराला कधी काही कमी पडू दिलं नाही. छप्पर उडालं, आब्दोन आला. यानिनाला ताप आला, आब्दोन आला. कधी वावगा शब्द नाही, कधी उंबऱ्याच्या आत जास्त वेळ नाही. तो म्हणाला, "धार पुरी सोडतो, कोमाद्रे. माझ्या आईची आण." आणि ते खरंच होतं. तो पुरीच सोडत होता.

मग राहिला कोण? मधल्या काळात बाकीची दारं घट्ट बंद, वरचं गेट आणि तळं यांच्या मध्ये संशय घ्यावा असं दार एकच, नेमेसिओ ओल्गिनचं. तरणा माणूस, बायको, दोन पोरं, कांदे. आणि त्याच्या दाराची फळी कुजलेली, खालची माती कायम ओलसर. क्लोरिंदानं ती ओल बोटानं चिवडून बघितली आणि त्याच्या दाराला साखळी घातली. तो धावत आला. तो म्हणाला की फळी गळते, पण गळून किती गळणार, माझे कांदे बघा, चोरीचं पाणी प्यायलेले दिसतात का? ती म्हणाली, चोराचे कांदे पण चोरटेच असणार, कशाला दाखवतील. लोक हसले. मग नेमेसिओ हळू आवाजात म्हणाला, "बाई, एकदा तुमच्या वेलींखाली खणून बघा."

तिला वाटलं हा माझ्या मेलेल्या नवऱ्याचे खड्डे उकरायला निघालाय. तिनं दांडा उचलला. मारला नाही, पण उचलला. नेमेसिओ मागं सरला आणि आपल्या रानात निघून गेला.

त्या दिवसापासून तिनं लावून धरलं. मंडळाच्या बैठकीत ठराव आणायचा, नेमेसिओची पाळी दोन हंगाम बंद. आमच्या रानात पाळी बंद म्हणजे गाशा गुंडाळायचा. दोन हंगाम पाण्याशिवाय इथं दगड तेवढा जगतो. नेमेसिओच्या बायकोनं शहरातल्या बहिणीकडं एक खोली विचारून ठेवली होती. मंडळाचे प्रमुख ओक्ताविओकाका थोडे कां कू करत होते, पण क्लोरिंदानं सांगितलं की मी पाटकरीण आहे, माझा शब्द आहे, माझा शब्द खोटा निघाला तर तीच शिक्षा मला करा. झालं. तिचा शब्द खोटा निघालेला कोणी बघितला नव्हता.

बैठक गाळकाढणीच्या दिवशी व्हायची होती. ती दर वर्षी तशीच होते. आमच्याकडं हिवाळा जुलैत, त्या थंडीत कालवा बंद करतात, पाट कोरडा पडतो, आणि प्रत्येक घर आपापला वाटा साफ करतं. वाटे दगडाला चुना लावून आखलेले असतात. दुसऱ्याच्या वाट्यात फावडं घालायचं नाही. ते म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. सगळ्यांचं झालं की बोकड भाजतात, वाइन पितात, आणि मग मंडळ बसतं.

त्या वर्षी गाळकाढणीच्या आधीच आब्दोन पॉप्लरच्या फांद्या छाटताना शिडीवरून पडला. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. तर त्याचा वाटा कोण साफ करणार? आजाऱ्याचा वाटा कोम्पाद्रेनं करायचा, ही रीतच आहे, विचारायची गोष्टच नाही. पण आब्दोननं यानिनाच्या हाती मुद्दाम निरोप पाठवला. माझ्या वाट्याला हात लावू नका, पाय सुटला की मीच करीन, अगदी नको, कोमाद्रेला बजावून सांग.

आता आमच्याकडं आजारी माणूस नको म्हणाला की लोक त्याचा अर्थ हो असाच घेतात. नको म्हणणं ही त्याची रीत, आणि तरी जाऊन करणं ही आपली. नको म्हटल्यावर जो खरंच जात नाही, त्याला लोक जन्मभर नावं ठेवतात. जेवढं जोरात नको, तेवढी त्याला जास्त गरज आहे असं समजायचं. क्लोरिंदाला तर भरूनच आलं. एवढा मोडून पडलाय आणि अजून दुसऱ्याला त्रास नको म्हणतो. ती गाळकाढणीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन निघाली.

आब्दोनचा वाटा तिच्या वेलींच्या बरोबर बाजूला. वरचा गाळ थंडीनं कडक झालेला, वर बर्फाची साय. ती खाली उतरली आणि खालच्या अंगानं सुरुवात केली. गाळ फार नव्हताच. तिला वाटलं, आब्दोन किती नेटका. बुडाशी एका ठिकाणी फावडं एकदम आत गेलं. सिमेंटवर खण्ण वाजायला पाहिजे होतं ते वाजलं नाही. तिनं हातानं गाळ बाजूला केला. खाली गोल भोक. भोकाला लोखंडी जाळी. जाळी स्वच्छ, गंज नाही, कोणीतरी वेळच्या वेळी घासलेली.

ती बघत राहिली.

पाटाच्या अगदी बुडाशी ते भोक होतं. म्हणजे पाट भरून वाहिला तर त्यात जाणारं पाणी कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण बारीक धार आली, बुडातून सरपटत आली, की आधी त्या भोकात जाणार आणि उरलं तर पुढं. पिण्याची धार तर सगळीच्या सगळी बारीक.

तिच्या डोक्यात पहिलं काय आलं? नेमेसिओ. हरामखोरानं चोरी केली ती केली, वर नळ घातला तो माझ्या कोम्पाद्रेच्या वाट्यात. उद्या सापडला असता तर नाव कोणाचं आलं असतं? बिचाऱ्या आब्दोनचं. तिला इतका संताप आला की तिनं जाळी उपटून काठावर भिरकावली. मग पॉप्लरची लांब काठी घेतली आणि नळ कुठं जातो ते बघायला भोकात घातली. नेमेसिओचं रान डाव्या हाताला. काठी डावीकडं जाईना. तिनं जोर लावला. जाईना. हात सैल सोडला तशी काठी आपोआप उजवीकडं वळली आणि सरसर आत गेली.

उजवीकडं तिचं रान.

ती काठावर चढली. काठी ज्या दिशेला गेली त्या दिशेला वेलींची पहिली रांग. तिनं पहिल्या वेलीच्या बुडाशी खणलं. लिबोरियोनं खोल खड्डे घेतले होते असं ती सगळ्यांना सांगायची, त्यामुळं खोल खणायला लागेल असं तिला वाटलं होतं. लागलं नाही. काळा नळ निघाला, भोकं पाडलेला, आणि त्याच्याभोवती वेलीची मुळं अशी गुंडाळलेली की म्हातारीचे केस कंगव्याला गुंडाळतात तशी. मुळं खाली गेलेलीच नव्हती. सगळी नळाला चिकटून बसली होती. तिनं पुढच्या वेलीखाली खणलं. तसंच. त्याच्या पुढच्या. तसंच.

तिला रडू आलं नाही. राग पण आला नाही, आणि राग येत नाही हे बघून ती घाबरली, कारण आजवर तिला राग आला नाही असं कधी झालं नव्हतं. फावड्याच्या दांडीला चीर गेली आहे, हे तिला तेव्हा दिसलं आणि ती त्या चिरेकडंच बघत बसली. खाली पाटात माणसं यायला लागली होती, एकमेकांना शिव्या देत, हसत. कोणीतरी हाक मारली, काय पाटकरीणबाई, आज आमच्या आधीच थकलात की काय? तिनं हात हलवला. काय म्हणून हलवला ते तिलाही कळलं नाही. मग तिनं खणलेले खड्डे पायानं माती लोटून बुजवले आणि आब्दोनच्या घराकडं चालायला लागली.

आब्दोन चुलीजवळ पाय लांब करून बसला होता. तिच्या चिखलानं भरलेल्या हातांकडं त्यानं बघितलं आणि मातेची वाटी खाली ठेवली.

"कोम्पाद्रे, तुमचा वाटा साफ करत होते."

"मी नको म्हटलं होतं."

"आपल्यात नको म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

तो खाली बघत म्हणाला, "मी खरंच नको म्हटलं होतं."

मग त्यानं सांगितलं. पाटाला सिमेंट केलं तेव्हा तो त्या कामावर होता. लिबोरियो तेव्हा अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्या जिवाला एकच घोर, सिमेंटनं वेल मरणार, आणि आपल्यामागं क्लोरिंदाला दुसरं काही नाही. एवढंसं ते रान. आब्दोननं सिमेंट ओतायच्या आधी नळ टाकला. तेव्हा पाट तुडुंब वाहायचा, कोणाचं काय जाणार होतं त्यात. दर वर्षी गाळ काढताना तो जाळी घासायचा आणि पुन्हा वर गाळ पसरायचा.

क्लोरिंदानं विचारलं, "लिबोरियोनं मागितलं तुमच्याकडं?"

"नाही. मी त्याला म्हटलं, असं असं करतो. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही."

ती खुर्चीवर बसली. लिबोरियो, ज्यानं कधी कोणाचं ओंजळभर पाणी इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, ज्याच्या नावावर ती एवढी वर्षं सगळ्या गावाला झोडत आली, त्यानं तोंड भिंतीकडं केलं. तिला आठवत होतं, शेवटी शेवटी तो भिंतीकडं तोंड करूनच झोपायचा. तिला वाटायचं दुखतंय.

"आणि तळं कोरडं पडलं तेव्हा? हेनोवेवा नळाला कान लावून बसायची तेव्हा?"

आब्दोन म्हणाला की कळलं मला, धार बारीक झाली त्याच दिवशी कळलं. बुजवायला जाणारच होतो. मग तुमच्या वेलींना पालवी फुटली. म्हटलं पुढच्या धारेला बुजवू. मग त्याच्या पुढच्या. असं करत राहिलं ते राहिलंच.

"आणि नेमेसिओ?"

"तो तरणा आहे, कोमाद्रे. कुठंही पोट भरेल. तुम्ही कुठं जाणार होतात?"

हे ऐकून तिला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि जे वाटलं ते तिला आवडलं नाही. कारण तिला बरं वाटलं. कोणीतरी तिच्यासाठी एवढं केलं म्हणून. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

आब्दोन पुढं वाकून बोलायला लागला. अजून कोणी बघितलं नाही ना? मग घरात सिमेंट आहे, अर्धं पोतं. आत्ता जाऊन भोक बुजवून टाका, वर गाळ पसरा, गोष्ट संपली. कालवा सुरू झाला की धार तळ्यात. गावाला पाणी मिळेल, आपण देवाची माफी मागू.

वाईट नव्हता विचार. ती क्षणभर सिमेंटच्या पोत्याकडं बघत पण राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं. आज दुपारी नेमेसिओची पाळी बंद होणार. कालवा सुरू झाला की धार तळ्यात पोचणार. मग लोक काय म्हणतील? बघा, नेमेसिओला हाकलला आणि पाणी आलं. म्हणजे चोरी त्याच्यावर कायमची पक्की होणार. नळ बुजवला तर त्याच्यासोबत नेमेसिओ पण सिमेंटखाली गाडला जाणार.

तिनं हे आब्दोनला सांगितलं. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं विचारलं, "माझं नाव घेणार?"

ती दार ओढून बाहेर पडली.

बैठकीला बोकडाचा वास अजून हवेत होता. माणसं पोट भरून, गाल लाल करून शेडमध्ये बसली होती. नेमेसिओ दाराशी उभा, बायको बाहेर पोरांना घेऊन. ओक्ताविओकाकांनी ठराव वाचायला घेतला आणि क्लोरिंदाला म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं सांगा, म्हणजे हात वर करून मोकळे होऊ.

क्लोरिंदा उठली. एरवी ती बोलायला लागली की पाटापलीकडं ऐकू जायचं. आज मागच्या रांगेतल्यांना ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"नेमेसिओ चोर नाही. पाणी माझ्या वेलींना जात होतं. पाटाच्या बुडाशी नळ आहे. आज सापडला."

कोणीतरी हसलं, थट्टा असेल म्हणून, आणि एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबलं. ओक्ताविओकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, जसं काही चष्म्यातच गडबड होती. त्यांनी विचारलं की नळ कोणी घातला.

ती म्हणाली, "माझ्या घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे कोणी? लिबोरियोनं?"

"माझ्या घरच्यांनी," ती पुन्हा म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. पण द्राक्षं मी विकली. वाइन मी प्यायले. त्यामुळं घालणारा कोणी असेना, चोर मी."

नळ कोणाच्या वाट्यात आहे ते कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. तिच्या वेलींशेजारी कोणाचा वाटा ते सगळ्यांना पाठ होतं. सगळे आब्दोनच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायचं टाळत होते, आणि असं टाळणं म्हणजे बघणंच.

मग नेमेसिओ बोलला. म्हणाला, मला केव्हापासूनच माहीत होतं. गेल्या साली पाट कोरडा असताना माझा कुत्रा तिथं उकरत होता.

शेडमध्ये एकदम गलका झाला. मग बोलला का नाहीस, बैला, सगळं गाव तहानलं की. नेमेसिओ शांतपणे म्हणाला, "बोललो होतो. बाईंनी दांडा उचलला." आणि मग, "दुसऱ्या कोणाला सांगू? बाईंचा शब्द खोटा म्हणून कोण ऐकणार होतं? तुम्ही, काका?"

ओक्ताविओकाका ठरावाचा कागद सरळ करत बसले. क्लोरिंदाला वाटलं, कोणीतरी छातीत फावडं घातलं. म्हणजे सांगत होता तो. बोट दाखवून सांगत होता, आणि सगळं गाव तिच्या बाजूनं हसत होतं. ती जिंकली होती. तिनं आयुष्यात जिंकलेली किती भांडणं अशी असतील, हे मोजायची तिची हिंमत झाली नाही.

कोणीतरी नेमेसिओला विचारलंच, मग नळ कोणी घातला हे पण तुला ठाऊक असेल. नेमेसिओनं खांदे उडवले. "मी कांदे लावतो. नळ लावणाऱ्यांना विचारा."

ठराव बदलला गेला. दोन हंगाम पाळी बंद, बाल्मासेदाच्या, म्हणजे क्लोरिंदाच्याच रानाची, आणि दांडा परत. ओक्ताविओकाका म्हणाले की बाईंनी स्वतः कबूल केलंय, आपण थोडं कमी करू. क्लोरिंदा म्हणाली की कमी करू नका, मी नेमेसिओला कमी मागितलं नव्हतं. हात वर झाले. तिचा पण झाला. नेमेसिओचा झाला नाही. तिला वाटलं तो दया करतोय, आणि तिनं विचारलं. तो म्हणाला, "दया कसली? तुमच्याबरोबर हात वर करायचा नाही, एवढंच."

त्याच दुपारी तिनं स्वतः भोक बुजवलं. सगळं गाव काठावर उभं होतं. कोणी मदत केली नाही, कोणी नावं पण ठेवली नाहीत. सिमेंट लिंपून झाल्यावर तिनं तळवा त्यावर दाबून ठेवला, घट्ट होईपर्यंत, आणि थंडीनं हात निळा पडला तरी काढला नाही.

कालवा सुरू झाल्यावर धार तळ्यात आली. पुरी आली. पाटावर नवीन माणूस ठेवला, कामाला बरा, पण त्याला कोणी घाबरत नाही. क्लोरिंदा नळावर सगळ्यांच्या मागं रांगेत उभी राहते. बायका तिच्याशी बोलतात, नाही असं नाही, पण आधी एकमेकींकडं बघून बोलतात. नेमेसिओचे कांदे त्या साली चांगले आले. तिला एकपण पाठवला नाही, आणि का पाठवावा?

तिच्या वेलींना वसंतात सवयीनं पालवी फुटली. मग सोंदा वारा आला, गरम, तीन दिवस, आणि पानं कागदासारखी वाजायला लागली. ती रोज जाऊन बघायची. मुळं सगळी वरच, नळाशी. खाली जायला त्यांना कधी शिकवलंच नव्हतं कोणी. उन्हाळा संपेपर्यंत सगळे वेल गेले.

आब्दोनचा पाय वाकडा जुळला. वरच्या गेटवरचं काम त्यानं आपणहून सोडलं. घराबाहेर पडत नाही. यानिना जाऊन येते, आईला न विचारता, आणि क्लोरिंदा तिला अडवत नाही. पण स्वतः गेली नव्हती. त्या दिवशी बाहेर पडली ती पडली.

मे महिन्यात थंडी लागली तेव्हा तिनं कुऱ्हाड घेतली आणि वेल तोडायला सुरुवात केली. यानिना म्हणाली, आई, राहू दे, पुढं पाणी मिळालं तर कदाचित फुटतील. क्लोरिंदा थांबली नाही. सगळे बुडख्यातून तोडले, मोळ्या बांधल्या, हातगाडीवर रचल्या आणि गावातून, सगळ्यांच्या दारांवरून, ढकलत नेल्या. लोक दारात येऊन बघत होते. ती कोणाकडं बघत नव्हती.

आब्दोननं दार उघडलं. काठीवर रेललेला, दाढी वाढलेली. हातगाडीकडं बघितलं आणि लगेच ओळखलं. वेलीचं लाकूड कोणाच्या लक्षात येणार नाही? त्याचा चेहरा असा झाला की क्लोरिंदाला वाटलं हा आता इथंच पडतो.

तिनं पहिली मोळी उंबऱ्यात टाकली. दुसरी टाकली. तो बाजूला झाला. ती चुलीशी ओणवी होऊन लाकडं रचायला लागली.

"चांगलं वाळलंय," ती म्हणाली. "धूर होणार नाही."

तो भिंतीला धरून खाली बसला, तिच्यापासून हातभर लांब, आणि काडी ओढली. जाळ धरला.

"पाय कसा आहे?" तिनं विचारलं.

"दुखतो."

"दुखू दे," क्लोरिंदा म्हणाली आणि अजून एक बुडखा आत सारला.